भारताच्या भवितव्याची भाकिते



गुढीपाडव्याला पंचांगवाचन करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. यंदा संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, मेघ कोणता, पर्जन्य किती आढक, धान्य स्वस्त होणार की महाग, हे सारे गुरुजी एका सुरात वाचून दाखवितात आणि कडुनिंबाचा पाला चावीत आपण ते ऐकतो. पण पुढल्या पाडव्याला गेल्या सालचे पंचांग उघडून, त्यातले खरे किती ठरले आणि खोटे किती, असे विचारणारा यजमान मी तरी अजून पाहिलेला नाही. जुने पंचांग रद्दीत जाते आणि नव्याचे वाचन तितक्याच भक्तिभावाने सुरू होते.

राष्ट्रांच्या भवितव्याची पंचांगे वाचणारेही लोक असतात. ते वृत्तपत्रकार असतात, राज्यशास्त्राचे अध्यापक असतात, कधी निवृत्त अधिकारी असतात. अमक्या देशात लवकरच बंडाळी माजणार, तमके राज्य दहा वर्षांत कोसळणार, असे ते सांगतात, आणि आपण घाबरतो किंवा संतापतो. आज आपल्याच राष्ट्राची अशी काही जुनी पंचांगे उघडून पाहावयाची असे मी ठरविले आहे. ती चुकली म्हणून टाळ्या पिटण्याचा हेतू यात नाही. जाणती माणसे कोठे चुकली, का चुकली, आणि खरे संकट आले तेव्हा ते कोणत्या बाजूने आले, हे नीट पाहिले तर पुढे उपयोगी पडेल असे काही हाती लागेल, अशी माझी समजूत आहे.

यातले सर्वांत प्रसिद्ध भाकित १९६७ सालचे आहे. त्या वर्षाच्या आरंभी लंडनच्या 'टाइम्स' पत्राने नेव्हिल मॅक्सवेल या आपल्या दिल्लीच्या बातमीदाराची एक लेखमाला छापली. भारताची लोकशाही विघटित होत चालली आहे, असे तिच्या मथळ्यातच म्हटले होते. लोकशाहीच्या चौकटीत राहून देशाचा विकास घडविण्याचा मोठा प्रयोग फसला आहे, आणि लवकरच होऊ घातलेली चौथी सार्वत्रिक निवडणूक ही बहुधा शेवटचीच ठरेल, असा मॅक्सवेलचा निष्कर्ष होता. ती निवडणूक फेब्रुवारी १९६७ मध्ये झाली. त्यानंतर २०२४ सालापर्यंत लोकसभेच्या आणखी चौदा निवडणुका झाल्या. इतके ठळकपणे खोटे ठरलेले भाकित क्वचितच सापडेल.

पण मॅक्सवेल हा या परंपरेचा आद्यपुरुष नव्हे. त्याच्या आधी जवळजवळ ऐंशी वर्षे, १८८८ साली, सर जॉन स्ट्रॅची यांनी केंब्रिजमधील आपली व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हिंदुस्थानात मोठमोठ्या हुद्द्यांवर काम केलेले हे गृहस्थ. हिंदुस्थान नावाचा एक देश नाही आणि कधी नव्हता. पंजाबी, बंगाली आणि मद्रासी माणसाला आपण एका राष्ट्राचे आहोत असे कधी वाटणे शक्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३१ साली विन्स्टन चर्चिल यांनी तोच सूर लावला. हिंदुस्थान ही केवळ भूगोलातील संज्ञा आहे, इंग्रज निघून गेले तर हा देश झपाट्याने मध्ययुगीन रानटीपणात जाऊन पडेल, असे ते बोलत. या दोघांच्या बोलण्यात हितसंबंध उघड होता. जो घर सोडावयास तयार नाही, तो घरमालकाला सांगणारच की माझ्यावाचून तुझे छप्पर टिकणार नाही. तथापि १९४७ साली फाळणी झाली, कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली, लाखो प्राणांस मुकली. तेव्हा ही भाकिते निव्वळ द्वेषमूलक होती असे म्हणून ती झटकून टाकणे आपल्यालाही सोपे राहिले नाही.

ती भीती आपल्या नेत्यांच्या मनात किती खोल जाऊन बसली, हे १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत दिसून आले. भाषावार प्रांतरचनेचे वचन काँग्रेसने पूर्वीच दिलेले होते. नागपूरच्या १९२० च्या अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्याही भाषेच्या पायावर बांधल्या होत्या. पण स्वराज्य आल्यावर नेमलेल्या दार आयोगाने १९४८ साली अहवाल दिला तो असा की, भाषावार प्रांत करणे राष्ट्राच्या हिताचे नाही. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि या तिघांच्या समितीने १९४९ साली हाच प्रश्न लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. हेही एक भाकितच होते. तेलुगूंना राज्य द्याल, तर तामिळ मागतील. मराठ्यांना द्याल, तर पंजाबी मागतील. आणि एके दिवशी सारा देश धाग्याधाग्याने उसवेल, असे ते भाकित.

पुढे काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. १५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलु यांनी आंध्र राज्यासाठी अन्नत्याग करून देह ठेवला, तेलुगू मुलखात दंगल उसळली, आणि काही दिवसांतच आंध्र राज्याची घोषणा करावी लागली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी ते अस्तित्वात आले. आपल्या वाट्याला मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईचे द्वैभाषिक आले. तत्पूर्वी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा रक्त सांडले होते. या लढ्यात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली.

त्या वेळच्या एखाद्या परक्या बातमीदाराच्या जागी आपण स्वतःला कल्पून पाहू. त्याला मुंबईत काय दिसले असेल? बंद गिरण्या, दगडफेक, अश्रुधूर, केंद्र सरकारविरुद्धच्या घोषणा, आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. तो आपल्या पत्राला काय लिहून पाठवील? हा प्रांत हातचा गेला, असेच लिहील. आणि त्याने पाहिलेल्या गोष्टींत एकही खोटी असणार नाही.

१९६० साली सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराने जे पुस्तक लिहिले, ते अशा शेकडो खऱ्या गोष्टींचे होते. येणारी दशके भारताला अत्यंत धोक्याची आहेत, असे पुस्तकाच्या नावातच त्याने बजावले होते. भाषा, जाती आणि प्रादेशिक पक्ष यांचा त्याने कसून अभ्यास केला होता. त्याचा निष्कर्ष असा की, या ओढाताणीत स्वातंत्र्य टिकण्याची आशा फार थोडी. किंबहुना एकसंध राज्य तरी टिकेल की नाही, हाच प्रश्न आहे. तीन वर्षांनी, १९६३ साली, वेल्स हँगेन या दुसऱ्या अमेरिकन पत्रकाराने नेहरूंनंतर कोण, याच प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला आणि आठ नावांचा विचार केला. त्यांत मोरारजीभाई, लालबहादूर, यशवंतराव चव्हाण, स. का. पाटील, इंदिरा गांधी, जयप्रकाश आणि कृष्ण मेनन हे तर होतेच. पण ब्रिजमोहन कौल हे एक लष्करी सेनापतीही होते. शेजारच्या देशांत जे चालले होते, ते पाहता सेनापतीचे नाव यादीत घालणे त्याला अवास्तव वाटले नाही. प्रत्यक्षात २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. कामराजांनी पक्षात सर्वांचा कल अजमावला, आणि ९ जून रोजी शास्त्रीजींनी शपथ घेतली. सेनापतीला कोणी विचारलेसुद्धा नाही.

तरीही १९६७ च्या आरंभी देशाची अवस्था काय होती हे प्रामाणिकपणे आठवले पाहिजे. पाच वर्षांत दोन युद्धे झाली होती. दोन पंतप्रधान दीड-पावणेदोन वर्षांच्या अंतराने गेले होते. १९६५ च्या आरंभी मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलनाचा भडका उडून तरुणांनी स्वतःला जाळून घेतले होते. १९६६ मध्ये मिझो टेकड्यांत सशस्त्र उठाव झाला होता. त्याच वर्षी ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला होता. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. १९६५-६६ साली धान्याचे उत्पादन अवघे ७ कोटी २० लाख टनांवर आले होते. अमेरिकेचे गव्हाचे जहाज बंदराला लागावे तेव्हा येथली चूल पेटावी, अशी लाजिरवाणी स्थिती होती. मॅक्सवेलने हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग चूक कोठे झाली?

पहिली चूक ही की, मागणी करणाऱ्याचा आरडाओरडा त्यांनी निघून जाणाऱ्याचा निरोप समजला. एकत्र कुटुंबात वाटणीवरून भांडणाऱ्या भावाचा आवाज शेजाऱ्याला भिंतीतून ऐकू येतो. त्यावरून घर मोडणार असे तो गावभर सांगतो. भाऊ भांडतो ते घरातला आपला वाटा मिळावा म्हणून, हे भिंतीपलीकडून कळत नाही. महाराष्ट्रात चळवळ रस्त्यावर होती खरी, पण १९५७ साली ती मतपेटीकडे वळली. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, डांगे, अत्रे ही एकमेकांशी एरवी न पटणारी माणसे समितीच्या झेंड्याखाली निवडणुकीस उभी राहिली, आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा मोठा पराभव झाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली, आणि ती शांततेने पार पडली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. लगेचच्या १९६२ च्या निवडणुकीत येथील विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ जागा त्याच काँग्रेसने जिंकल्या. म्हणजे ज्या रागाने देश फुटणार होता, तो राग मागणी पुरी होताच दोन वर्षांत शमला.

मद्रासची हकीकत याहूनही बोलकी आहे. अण्णादुराईंचा द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष उघडपणे स्वतंत्र द्रविडनाडू मागत होता. १९६२ साली अण्णादुराईंनी राज्यसभेत उभे राहून ती मागणी मांडली. चीनचे आक्रमण झाले, १९६३ साली घटनेत सोळावी दुरुस्ती होऊन फुटीर प्रचाराला आळा बसला, आणि पक्षाने ती मागणी सोडून दिली. ज्या निवडणुकीला मॅक्सवेल शेवटची म्हणत होता, त्याच निवडणुकीत हा पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला, आणि अण्णादुराईंनी भारताच्या घटनेला स्मरून मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. हिंदीची सक्ती होणार नाही याची कायदेशीर हमी त्याच वर्षी मिळाली. १९६९ साली राज्याचे नाव तामिळनाडू झाले. पुढे वेगळे होण्याची भाषा तेथे कोणी फारशी मनावर घेतली नाही. लोकसभेत काँग्रेसला ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या, आठ राज्यांतून तिचे राज्य गेले, संविद सरकारे आली, पडली, आमदारांच्या कोलांट्या उड्यांनी लोकांना वीट आला. पण हा सर्व गोंधळ घटनेच्या मांडवाखालीच झाला.

दुसरी चूक भुकेच्या बाबतीत झाली. १९६७ सालीच अमेरिकेतील पॅडॉक बंधूंनी १९७५ च्या सुमारास जगात मोठा दुष्काळ पडणार असे भाकित केले, आणि धान्य अपुरे असताना ते कोणाला द्यावे याची वर्गवारी करताना भारताची गणना वाचवता न येण्याजोग्यांत केली. त्यांचा हिशेब तोंडे किती आणि पोती किती एवढाच होता. पण १९७०-७१ साली धान्याचे उत्पादन १० कोटी ८० लाख टनांवर गेले. आणि १९७२ साली आपल्या महाराष्ट्रात खरोखरच भीषण दुष्काळ पडला, तेव्हा काय झाले? खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या, नालाबंडिंगच्या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक आपल्यात अजून आहेत. हाल अतोनात झाले, गुरे गेली, गावे उठली. पण १८७६ सालासारखी माणसे लाखांनी मेली नाहीत. ही कामे सरकारने केवळ दयाबुद्धीने काढली असेही नव्हे. गावोगावचे मोर्चे तहसील कचेरीवर जात होते, विधानसभेत आमदार मंत्र्यांना धारेवर धरीत होते. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. मोर्चा हे भाकित करणाऱ्याच्या वहीत अशांततेचे लक्षण म्हणून नोंदले जाते. दुष्काळात तो माणसे जगविण्याचे साधन ठरला.

तिसरी चूक मोजपट्टीची होती. ज्या काळी भारताच्या गोंधळाची कीव केली जात होती, त्याच काळी पाकिस्तानच्या शिस्तीचे कौतुक होत होते. सॅम्युएल हंटिंग्टन या हार्वर्डच्या नामवंत पंडिताने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अयुबखानांना प्राचीन ग्रीसमधील सोलोन आणि लायकर्गस या स्मृतिकारांच्या जवळपास नेऊन बसविले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये लोकक्षोभापुढे अयुबखानांना पायउतार व्हावे लागले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. तो कौल मानण्याऐवजी २५ मार्च १९७१ रोजी सैन्य रस्त्यावर आणले गेले, आणि १६ डिसेंबरला ते राष्ट्र दुभंगले. तेथेही प्रश्न भाषेचा होता, वाट्याचा होता. तो बोलून दाखविण्याची वाट बंद केली होती, म्हणून वरून सारे शांत दिसत होते.

इथपर्यंत ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात अभिमान दाटून आला असेल. पण व्याख्यान येथे संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण संकट यावयाचे होते ते आलेच.

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर अंतर्गत आणीबाणी लादली गेली. एक लाखाहून अधिक माणसांना अटक झाली, त्यांतल्या हजारोंना खटल्यावाचून डांबण्यात आले. वृत्तपत्रांच्या अग्रलेखांच्या जागा कोऱ्या राहिल्या. आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी असे ठरविले की, या काळात बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विरोधी निकाल दिला.

हे संकट कोणत्या दाराने आले ते पाहा. भाकिते करणारे वीस वर्षे प्रांतांच्या दारांवर पहारा देत बसले होते. मद्रास फुटेल, पंजाब फुटेल, बंगाल फुटेल, असे ते म्हणत. केंद्र दुबळे होऊन देश मोडेल ही त्यांची धास्ती. हॅरिसनला हुकूमशाहीचेही भय वाटत होते, पण ती प्रांतांच्या ओढाताणीच्या पोटी येईल असे त्याला वाटे. प्रत्यक्षात १९७१ च्या निवडणुकीत लोकसभेत ३५२ जागा मिळालेले, युद्ध जिंकलेले, सर्वांत बलवान असे केंद्र सरकारच घटनेच्या मर्यादांना नको म्हणाले. १२ जूनच्या अलाहाबाद न्यायालयाच्या निकालाने पंतप्रधानांची निवड रद्द झाली होती, त्यामागोमाग हे घडले. आणि कारण म्हणून काय सांगितले गेले? अंतर्गत अशांततेमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात आहे. विघटन करणाऱ्या शक्ती बळावल्या आहेत. परक्यांनी पेरलेली देश फुटण्याची भीती येथे राज्यकर्त्यांच्या कामी आली. ज्या भीतीने १९४९ साली आमचे भाषिक राज्य लांबणीवर टाकले, तिनेच १९७५ साली आमचे स्वातंत्र्य काढून घेतले. भाकित खोटे ठरले तरी त्याची भीती मागे उरते, आणि ती वापरणारा कोणी ना कोणी निघतो.

हे संकट कोणालाच दिसले नव्हते काय? दिसले होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. आपली उद्दिष्टे साधण्यासाठी घटनात्मक मार्गच धरा. ते खुले असताना सत्याग्रह आणि असहकार हेही अराजकाकडे नेतात. कितीही थोर पुरुष असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. आणि राजकारणातील समतेवर समाधान मानू नका. समाजात व अर्थव्यवहारात विषमता तशीच राहिली, तर तिने पोळलेले लोक ही इमारत उडवून देतील.

आता १९७४-७५ ही वर्षे या तीन वाक्यांसमोर ठेवून पाहा. गुजरातेत आणि बिहारात निवडून आलेल्या विधानसभा रस्त्यावरच्या आंदोलनाने बरखास्त करविण्याचा मार्ग विरोधकांनी धरला. गुजरातेत तो यशस्वीही झाला. त्यांची गाऱ्हाणी खरी होती, महागाई आणि भ्रष्टाचार असह्य झाला होता; पण पहिला इशारा त्यांनीही बाजूला सारला. दुसरा इशारा सत्ताधारी पक्षाने पायदळी तुडविला. व्यक्ती म्हणजेच देश, असे त्या पक्षाचे अध्यक्ष उघड बोलू लागले. तिसऱ्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष कमीच होते.

मला जो भेद दाखवावयाचा आहे तो हाच. स्ट्रॅची, हॅरिसन, मॅक्सवेल यांनी भाकिते केली. आंबेडकरांनी इशारा दिला. ज्योतिषी मृत्यूची तिथी सांगतो, वैद्य पथ्य सांगतो. ज्योतिष्याचे ऐकून रोग्याने करावयाचे असे काही उरत नाही. वैद्याचे ऐकले तर सोडावयाचे काय आणि घ्यावयाचे काय हे कळते. न ऐकले तर काय होईल तेही कळते. आंबेडकरांनी कोणत्याही वर्षाचे नाव घेतले नाही. कोणते दुखणे कशाने वाढेल एवढेच सांगितले, आणि म्हणून सव्वीस वर्षांनंतर त्यांचे शब्द लागू पडले.

इशारा नेहमी मोठ्या माणसाच्याच तोंडून येतो असेही नाही. मघाशी मिझो उठावाचा उल्लेख केला. त्या टेकड्यांत सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा बांबूला फुलोरा येतो. त्याचे बी खाऊन उंदीर अमाप वाढतात आणि मग शेतेच्या शेते फस्त करतात. मिझो लोक याला मौताम म्हणतात. १९५८ साली तेथील जिल्हा परिषदेने ठराव करून आसाम सरकारला कळविले की, फुलोऱ्याची वेळ जवळ आली आहे, दुष्काळ पडेल, तजविजीसाठी पंधरा लाख रुपये द्या. डोंगरी लोकांची ही समजूत सरकारने मनावर घेतली नाही. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. मदतीसाठी जी दुष्काळ निवारण संघटना निघाली, तिचीच लालडेंगांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट झाली, आणि २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री उठाव झाला. मार्चमध्ये आपल्याच हवाई दलाने ऐजॉलवर हल्ला केला. करार व्हावयास १९८६ साल उजाडले, आणि तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. लंडनच्या लेखमालेवर दिल्लीत मोठी खळबळ उडाली. जिल्हा परिषदेच्या त्या साध्या ठरावाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. दोहोंपैकी खरा ठरला तो ठराव. जेथे देश खरोखर फुटू पाहत होता, तेथे आधी कोणाचे तरी ऐकून घ्यावयाचे राहून गेले होते, हे पुढेही इतर सीमाप्रांतांत दिसून आले.

आणखी एक गोष्ट सांगून आवरते घेतो. आणीबाणी आली हे जसे भाकितांत नव्हते, तशी ती ज्या रीतीने गेली तीही नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते, म्हणजे केंद्रातले मंत्रीच यजमान. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी त्या मंडपात, आजारी असलेल्या जयप्रकाशांना बरे वाटावे म्हणून सर्वांना प्रार्थनेसाठी उभे राहावयास सांगितले. एवढी साधी गोष्ट; पण त्या दिवसांत तिला फार मोठे धैर्य लागले. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. १९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा त्यांचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या बाजूने लागेल असेच पुष्कळ जाणकार धरून चालले होते. पु. ल. देशपांड्यांसारखा लोकांना हसविणारा माणूस सभांतून लोकशाहीची बाजू मांडीत हिंडला. मार्चमध्ये काँग्रेस १५४ जागांवर आली आणि खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पराभूत झाल्या. हेही सांगितले पाहिजे की त्यांनी तो निकाल मानला आणि पद सोडले. १९७८ साली चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेतून अंतर्गत अशांतता हे शब्द काढून त्या जागी सशस्त्र बंड हे शब्द घातले. ज्या सबबीने दार उघडले होते, ती सबब निदान कागदावर तरी अरुंद केली गेली.

तेव्हा यापुढे राष्ट्रावर येणाऱ्या संकटाचे कोणी भाकित केले, आणि अशी भाकिते प्रत्येक पिढीला ऐकावी लागतात, तर ते हसण्यावारी नेऊ नये आणि त्याने गळूनही जाऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. सांगणारा कोठे उभा आहे, भिंतीच्या आत की बाहेर? तो नुसती घटना सांगतो आहे, की तिचे कारणही दाखवितो आहे? आणि त्याचे ऐकून आपल्या हाती काही काम येते, की नुसती धास्ती येते? नुसती धास्ती येत असेल, तर ती कोणाच्या उपयोगी पडणार आहे हाही चौथा प्रश्न विचारून घ्यावा.

बाकी मोर्चे निघतील, भाषेवरून, पाण्यावरून, वाट्यावरून भांडणे होतील. १९५६ साली मुंबईत झाले त्याहून ते वेगळे नसेल. आवाज चढला म्हणून घर मोडत नाही. आवाज बंद पडला, सभा ओस पडल्या, वर्तमानपत्रातली जागा कोरी राहिली, दूरच्या डोंगरातून आलेला अर्ज न वाचता दप्तरी दाखल झाला, की मात्र सावध व्हावे. आपल्या इतिहासातली खरी संकटे तशा शांततेतून आलेली आहेत.